माहेराची वर्दी

सौंसरच्या नलिनीबाई धोट्यांना एखादी गोष्ट करू नका म्हणून सांगणं म्हणजे ती त्यांच्याकडून हमखास करवून घेणं. शाळेत मास्तरीण होत्या तेव्हाही तसंच. मुख्याध्यापक त्यांना काही मना करायचं असलं की आधी खुर्ची जरा मागे सरकवून घेत. निवृत्त झाल्यावर त्यांच्या बरोबरीच्या बाया भजनी मंडळात गेल्या आणि नलिनीबाई निर्वासितांच्या मदत केंद्रात.

हे केंद्र म्हणजे मध्य प्रदेशातल्याच पांढुर्ण्याच्या बाजारात एका कापड दुकानामागची खोली. नागपूरची एक संस्था ते चालवत होती. सिंधमधून घरदार टाकून आलेली काही कुटुंबं जाम नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत राहत होती, त्यांच्यासाठी. पोरांना लसी टोचून आणायच्या, शाळेत नाव घालायला भांडायचं, म्हाताऱ्यांचा खोकला तपासून घ्यायचा, आणि दवाखान्याच्या खिडकीवर बसलेल्याला पटवायचं की बाबा, ज्याच्यापाशी आधार कार्ड नाही त्यालाही ताप येतो. भांडायचं काम असल्यामुळे नलिनीबाईंना ते फार मानवलं. सौंसरहून सकाळची बस धरून त्या यायच्या आणि संध्याकाळी घसा बसवून परत जायच्या.

संस्थेचा तुषार नावाचा एक तरुण नागपूरहून अधूनमधून यायचा. चांगला होता, पण पुस्तकी. "मॅडम, आपण सेवा देतो," तो म्हणायचा. "नाती जोडायची नाहीत. त्यात त्यांचंही नुकसान होतं."

"नातं जोडल्यानं कोणाचं नुकसान होते रे?" नलिनीबाई म्हणाल्या. त्यावर तुषार पाणी प्यायला.

त्याच गल्लीत मोतीराम नावाचा म्हातारा, त्याचा मुलगा कुलदीप आणि सून ईश्वरी राहत. कुलदीप जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधायचा. त्याची आई तिकडे असतानाच वारली होती. ईश्वरीचे आईबाप, भावंडं, सगळे अजून सिंधमध्येच. त्यांना इकडचा व्हिसा मिळत नव्हता. लग्न होऊन ती इकडे आली ती आलीच. चार घरच्या बायांत बसून ती वऱ्हाडी शिकली होती, पण अशी, की एका वाक्यात तीन भाषा सुखाने नांदायच्या.

तिला दिवस गेले. सातवा लागला तेव्हा शेजारच्या वत्सलाबाईंनी सहज विचारलं, "पहिलं बाळंतपण माहेरी होते पोरी. तुही माय कधी येऊन राहिली न्यायले?"

वत्सलाबाईंच्या मनात काही वाकडं नव्हतं. पहिलटकरणीला माहेरी नेतात, एवढंच त्यांना ठाऊक. ईश्वरी हसली. "माय माझी कशी येईल मावशी? बीच में सरहद आहे ना," म्हणाली, आणि पाण्याच्या टाकीच्या नळापाशी टेकून बसली. मग तिला रडू फुटलं ते थांबेना. तिच्याकडे बघत चार बाया नुसत्या उभ्या राहिल्या.

नलिनीबाई तेव्हा तिथेच होत्या. त्यांना एकच मुलगा, तोही पुण्यात. मुलगी झाली नाही याचं त्यांनी कधी कुणापुढे रडगाणं गायलं नव्हतं, पण दुसऱ्यांच्या पोरी माहेरपणाला आल्या की त्यांना त्या घरी जायला आवडत नसे. ते रडणं त्यांना ऐकवेना, आणि काही ऐकवेनासं झालं की त्यांना राग यायचा.

"रडू नोको," त्या जवळजवळ ओरडल्याच. "सौंसरले माह्या घरी बाळंतपण होईन तुयं. मी नेतो तुले. झालं?"

गल्लीभर बातमी झाली. मोतीरामने हात जोडले. फक्त कुलदीप डोकं खाजवत उभा राहिला. या माणसांना ज्या लांब मुदतीच्या व्हिसावर राहू दिलं होतं, त्याच्या अटी त्याला पाठ होत्या. नेमून दिलेल्या गावाबाहेर मुक्काम करायचा तर पोलीस ठाण्यात वर्दी द्यायची, म्हणजे कळवायचं. राज्याबाहेर पाऊल टाकायचं तर आधी परवानगी. गल्लीतला श्रावण न सांगता लग्नाला अमरावतीला जाऊन आला, तर त्याला ठाण्याच्या खेपा घालता घालता चप्पल झिजली होती. आणि कुलदीपच्या नागरिकत्वाचा अर्ज आता शेवटच्या टेबलावर होता. गेली कित्येक वर्षं तो घर त्या एका कागदाच्या आशेवर ओढत होता.

"मॅडमजी," तो म्हणाला, "थाण्यात बोलून देऊ का? हिचं राहणं बदलून राहिलं ना."

"काही बदलून नाही राहिलं," नलिनीबाई म्हणाल्या. "पोरगी माहेरी चालली. आमच्यात पोरगी माहेरी जाते तं कोणी थाण्यात जाऊन सांगत नाही."

सगळी गल्ली हसली. कुलदीपही हसला. त्याला ते ऐकून बरं वाटलं असणार, कारण इतक्या वर्षांत कुणी त्याला नियमातून सोडवणारं वाक्य बोललं नव्हतं.

घरी नलिनीबाईंचे यजमान अरविंदराव, वीज खात्यातून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ. ते दाराशी ईश्वरीची पिशवी हातात घेत म्हणाले, "ये बेटा." मग आत आल्यावर बायकोला हळूच म्हणाले, "ठाण्यात एक फोन करून दे ना. तुषारनं फोनवर सांगतलं होतं."

"तुमचं आपलं एक असतेच," नलिनीबाई म्हणाल्या. "उद्या तिच्या पोटातल्या बाळाचीबी वर्दी द्या मंग." अरविंदरावांनी पिशवी आत नेऊन ठेवली. सात पिढ्यांचा अनुभव असल्यासारखं त्यांना केव्हा गप्प बसायचं ते कळत असे.

त्यानंतरचे दिवस चांगले गेले, हे सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं सगळं खोटं ठरेल. माहेरी आलेल्या पोरीनं दुपारी झोपायचं असतं, हा नलिनीबाईंचा पहिला हुकूम. ईश्वरीला दुपारी झोपायची सवयच नव्हती. ती डोळे मिटून पडायची आणि स्वयंपाकघरातल्या भांड्यांचे आवाज मोजायची. पुढे पुढे खरंच झोपू लागली. ज्वारीच्या भाकरीशी जवसाची चटणी तिला इतकी आवडली की ती वाटी बोटाने पुसून घ्यायची आणि मग ओशाळायची. अरविंदराव तिच्यासाठी ओळखीच्या बागेतली संत्री आणून सोलून ठेवायचे. ती त्यांना आधी अंकल म्हणायची, मग काकाजी, आणि नलिनीबाईंना मॅडमजी म्हणता म्हणता एक दिवस "माय, तेल कुठं आहे?" असं सहज म्हणून गेली. नलिनीबाईंनी तेलाऐवजी मिठाचा डबा पुढे केला.

दवाखान्याकडेही त्यांनी हयगय केली नाही. पोरीच्या पायांवर सूज होती, रक्तदाब थोडा चढा होता. सौंसरच्या सरकारी दवाखान्यातली तरुण डॉक्टरीण दर आठवड्याला तपासायची, गोळ्या द्यायची, डोकं दुखलं किंवा डोळ्यांपुढे काही दिसलं तर लगेच आणा म्हणून बजावायची. नलिनीबाईंनी त्या गोळ्या कधी चुकू दिल्या नाहीत.

ईश्वरीच्या आईशी फोनवर बोलणं व्हायचं, चेहरे दिसतील असं. पडद्यावर एक काळीसावळी, थकलेली बाई, डोक्यावर ओढणी, मागे मातीची भिंत. नलिनीबाईंना तिची सिंधी कळायची नाही. हिंदी दोघींना तोडकीमोडकी पुरायची. एकदा नलिनीबाईंनी कपाटातून हिरवी साडी काढून फोनपुढे धरली. जरीचे काठ, ठसठशीत बुट्टे. बाळ घेऊन पोरगी सासरी निघेल तेव्हा तिला नेसवून पाठवायची म्हणून नागपूरहून मागवलेली.

"यह बिदाई की है," त्या म्हणाल्या. "हमारे में मायके से देते हैं."

पलीकडची बाई बराच वेळ साडीकडे पाहत राहिली. मग तिने पडद्याला हात लावला असावा, कारण सगळा पडदा तिच्या तळहाताने भरून गेला. "अब आप ही माँ हो उसकी," ती म्हणाली.

नलिनीबाईंच्या आयुष्यात त्यांना एवढं मोठं कुणी काही दिलं नव्हतं. त्या दिवशी त्या उगाचच सगळ्यांवर चिडचिड करत राहिल्या.

नववा लागल्यावर एका दुपारी नलिनीबाई अंगणात सांडगे राखत बसल्या होत्या. ईश्वरी झोपून उठली आणि दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"माय, हे दिवे कोणी लावले?"

"दुपारचे दिवे कुठले गं?"

"खूप आहेत. हालून राहिले." तिने डोकं दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं.

नलिनीबाई धावल्या. अरविंदरावांनी शेजाऱ्याची गाडी काढवली. डॉक्टरिणीने पट्टा बांधून रक्तदाब पाहिला, पुन्हा पाहिला, आणि तिचा चेहरा बदलला. तिने इंजेक्शन दिलं, दवाखान्याच्या अँब्युलन्सला उभं केलं आणि नलिनीबाईंना बाजूला घेतलं. "आत्ताच्या आत्ता नागपूर. हिला झटके येऊ शकतात. बाळ लगेच काढावं लागेल. छिंदवाड्याला नका नेऊ, मध्ये घाट आहे, वेळ जाईल. नागपूरचा रस्ता सरळ आहे. मी तसं लिहून दिलंय."

नागपूर म्हणजे महाराष्ट्र. हे नलिनीबाईंना त्या क्षणापर्यंत कधी सुचलंच नव्हतं. सौंसरच्या माणसाला नागपूर म्हणजे बाजार, कॉलेज, दाताचा डॉक्टर, साडी. मध्ये राज्याची हद्द लागते हे कुणाच्या लक्षातही राहत नाही.

ईश्वरीच्या मात्र लक्षात होतं. अँब्युलन्समध्ये तिला आडवं केलं तेव्हा तिने नलिनीबाईंचं मनगट धरलं. "नागपूर नको, माय. परमिशन नाही. त्याचा कागद जाईल."

"गप राह्य. कागदाचं मी पाहून घेतो."

"आपण थाण्यात बोललो नाही ना," ईश्वरी म्हणाली. "इथं राहून राहिली तेच नाही बोललो. आता नागपूर गेली तर ते म्हणतील पळून गेली. श्रावणभाईसारखं होईल. माय, नको ना."

नलिनीबाईंनी कुलदीपला फोन लावला. वाजत राहिला. जिनिंगच्या यंत्रांच्या आवाजात त्याला तो ऐकू गेला नसणार. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. तुषारला लावला, तो बैठकीत होता; उचलला नाही. ठाण्याचा नंबर त्यांच्यापाशी होता. केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेला असायचा, येता-जाता पाठ झालेला. तो त्यांनी लावला नाही. काय सांगणार होत्या? की साहेब, तुमच्या नोंदीतली बाई इतके दिवस माझ्या घरी आहे आणि मी तुम्हाला कळवलं नाही?

अँब्युलन्स फाट्यावर आली. चालकाचं नाव गुणवंता. नलिनीबाईंचाच जुना विद्यार्थी. त्याने गाडी हळू करून मागे पाहिलं. "बाई, लोधीखेड्यावरून नागपूर घेऊ ना?"

आयुष्यभर वरिष्ठांना, बाबूंना, खिडकीवरच्या माणसांना तोंडावर बोललेली ही बाई. तिने त्या क्षणी हो म्हणायचं होतं, इतकंच. पण मनगटावर पोरीची बोटं रुतली होती आणि डोक्यात एकच गोष्ट घुमत होती, की आपल्यामुळे या माणसांचा कागद जाईल. सगळी वर्षं, सगळे हेलपाटे, एका हट्टी म्हातारीच्या तोंडामुळे. पोरगी माहेरी आली आहे, हे त्यांनी भर गल्लीत छाती ठोकून सांगितलं होतं. फाट्यावर ते त्यांना स्वतःलाच खरं वाटलं नाही. मी कोण हिची? पोलिसांनी विचारलं तर काय सांगू?

"छिंदवाडा घे," त्या म्हणाल्या.

"डॉक्टरीणबाईनं तं..."

"छिंदवाडा म्हटलं ना मी!"

गुणवंताला बाईंचं ऐकायची लहानपणापासून सवय होती. त्याने गाडी वळवली.

वाटेतलं रामाकोना गाव मागे पडेपर्यंत ईश्वरी बोलत होती. दिवे वाढले, म्हणाली. मग आईला काही तरी सिंधीत सांगू लागली, नलिनीबाईंना नाही, त्या दुसऱ्या आईला. घाट सुरू झाला. पुढे एक ट्रक चढणीवर रखडला होता आणि गुणवंता सायरन वाजवून वाजवून हताश झाला. तिथे तिला पहिला झटका आला. नलिनीबाईंनी तिचं डोकं मांडीवर घट्ट धरलं. सोबतच्या नर्सने जे करायचं ते केलं. मग दुसरा आला. घाट संपला तेव्हा ईश्वरी कुणालाच ओळखत नव्हती.

छिंदवाड्याला डॉक्टर तयार उभे होते. त्यांनी लगेच आत नेलं. मुलगी झाली, अगदीच छोटी, तिला काचेच्या पेटीत ठेवलं. ईश्वरी संध्याकाळ व्हायच्या आत गेली.

कुलदीप मोटरसायकलवरून आला तेव्हा त्याच्या केसांत कापसाचे पुंजके होते. तो कुणावर ओरडला नाही. त्याने एकच विचारलं, "नागपूर बोललं होतं ना डॉक्टर?" नलिनीबाईंनी होय म्हणून मान हलवली. तो भिंतीला टेकून खाली बसला आणि तिथून उठेचना.

परदेशी माणसाचा मृत्यू म्हणून पांढुर्ण्याच्या ठाण्याचे मुंशीजी, म्हणजे लिखापढीचे हवालदार, दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात आले. परदेशी नागरिकांचं काम तेच पाहत. वयस्कर, पान खाणारे, कागद भरताना मान तिरकी करणारे. नलिनीबाई त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "माझी चूक आहे," त्या म्हणाल्या. "मी तिला सौंसरला नेलं. वर्दी देली नाही. नागपूरची परवानगी नव्हती म्हणून मी इकडं आणलं. जे करायचं ते मला करा. पोराचा अर्ज अडवू नका."

मुंशीजींनी पेन खाली ठेवलं. "बाई, जीव जाऊन राहिला त्या टायमाले परवानगी कोण पायते? मले फोन केला असता तं मीच म्हटलं असतं, आधी घेऊन जा, मंग सांगा."

"आणि सौंसरचा मुक्काम?"

"बाळंतपणाले मायकेत गेली होती ना? कुलदीपनं आत्ताच सांगतलं." मुंशीजींनी खांदे उडवले. "आता मायकेत गेलेल्या पोरीचं कोण विचारते, बाई."

ते खरं बोलत होते की मयताच्या घरी माणसं बोलतात तसं मऊ बोलत होते, कोण जाणे. श्रावणशी तर ते असं बोलले नव्हते. पण ते वाक्य नलिनीबाईंचंच होतं, त्यांनीच गल्लीत हसत हसत म्हटलेलं. जगात निदान एक पोलीस ते मानायला तयार होता, आणि एकट्या त्या स्वतःच फाट्यावर ते मानू शकल्या नव्हत्या. यापुढे मरेपर्यंत हे त्यांच्यासोबत राहणार होतं, आणि त्यावर कुणाशी भांडून उपयोग नव्हता.

ईश्वरीला दुपारी पांढुर्ण्याला आणलं. गल्ली माणसांनी भरली होती. तुषारही आला होता, कोपऱ्यात उभा. तो काही बोलला असता तर बरं झालं असतं. नलिनीबाई आत गेल्या नाहीत. नळापाशी, जिथे ईश्वरी रडत बसली होती तिथेच, अरविंदरावांचा हात धरून उभ्या राहिल्या. आपण कुठल्या तोंडाने आत जावं हे त्यांना कळत नव्हतं. मोतीराम अंगणात बसून जो येईल त्याला सांगत होता, "नात झाली. नात झाली मला." त्यालाही दुसरं काही सुचत नसावं.

आत बाया तिला न्हाऊ घालत होत्या. थोड्या वेळाने वत्सलाबाई पदराला हात पुसत दारात आल्या. सवाष्ण गेली की अंगावरचं शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. त्यांना एवढंच ठाऊक. त्यांच्या मनात याही वेळी काही वाकडं नव्हतं.

"माहेरचं कोणी हाय का?" त्यांनी विचारलं. "लुगडं पाहिजे."

सिंधी माणसं एकमेकांकडे पाहू लागली. मग हळूहळू सगळ्यांच्या नजरा नळाकडे वळल्या.

अरविंदरावांच्या खांद्याला पिशवी होती. सकाळी घरून निघताना ती त्यांनी बरोबर घेतली होती. त्यांनी आतून साडी काढली आणि बायकोच्या हातात दिली. नलिनीबाई चालू लागल्या. लोकांनी वाट करून दिली.

दाराच्या आत कुलदीप फोन धरून बसला होता. पडद्यावर ती बाई, मागे तीच मातीची भिंत. तिचं रडून झालं होतं. ती नुसती पाहत होती. नलिनीबाईंनी मान खाली घातली, गुडघ्यावर बसल्या आणि घडी मोडली. हिरवा रंग, जरीचे काठ सगळ्या खोलीत पसरले.

फोनमधून आवाज आला, अगदी बारीक.

"वही है," ती बाई म्हणाली. "बिदाई वाली."